स्प्रे वॅक्स कसं मारायचं: धुण्यापासून शेवटच्या पुसण्यापर्यंत

स्प्रे वॅक्सबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. काळ्या गाडीवर ढगाळ पट्टे उठले, बॉनेट हाताला चिकट लागतं, पहिल्या दोन पावसांतच पाणी थेंब धरेनासं झालं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उन्हात उभी केल्यावर रंगावर बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसायला लागली. मग दोष बाटलीला जातो आणि दुसऱ्या कंपनीची बाटली येते. खरं तर बहुतेक वेळा बाटलीत काही खोट नसते. ती धुळीवर, तापलेल्या पत्र्यावर किंवा क्षारांचे डाग तसेच ठेवून वापरलेली असते. तीन-चतुर्थांश काम बाटली उघडण्याआधीचं आहे, म्हणून या लेखाचा मोठा भागही तयारीचाच आहे.

स्प्रे वॅक्सकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सुरुवातीलाच सांगून टाकू. गाडीच्या रंगावर वरून जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, तो साधारण ३० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. वॅक्स त्याच्यावर अगदी पातळ थर देतं, त्यामुळे पाणी टिकत नाही, धूळ सहज निघते आणि चमक वाढते. ओरखडे त्याने जात नाहीत. उडालेला रंग परत येत नाही, गंज थांबत नाही. फिक्या पडलेल्या, खडूसारख्या झालेल्या रंगाला आधी पॉलिश लागतं, त्याशिवाय वॅक्स मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

## आधी हातातली बाटली ओळखा

दुकानात एकाच फळीवर एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतात आणि त्यांची कामं वेगवेगळी असतात.

साधं स्प्रे वॅक्स कोरड्या गाडीवर मारून लगेच पुसायचं असतं. सिलिका असलेली काही सीलंट (वॅक्ससारखाच संरक्षक थर देणारी रसायनं) ओल्या गाडीवर मारून पाण्याने धुवून टाकायची असतात. अशी बाटली कोरड्या पत्र्यावर मारली की डाग धरते, आणि तो डाग काढताना घाम फुटतो. तिसरा प्रकार क्विक डिटेलरचा. तो हलकी धूळ आणि बोटांचे ठसे पुसायला असतो, त्याचं संरक्षण जेमतेम काही दिवस टिकतं. ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ लिहिलेल्या बाटलीत घासणारे कण असू शकतात. ती दर महिन्याला वापरायची वस्तू नव्हे.

म्हणून ‘ओल्यावर’ की ‘कोरड्यावर’, हे लेबलवर शोधा. पुढची कृती कोरड्यावर मारायच्या स्प्रे वॅक्सची आहे.

इथे थांबा: मॅट (चमक नसलेल्या) रंगाच्या गाडीला किंवा मॅट रॅपला, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या फिल्मला, चमक देणारं वॅक्स लावू नका, ठिपक्या-ठिपक्यांनी चमकेल आणि ते परत काढता येणार नाही. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनलला किमान ३० दिवस काही लावू नका. रंगातलं द्रावक उडून जायला वेळ लागतो. काही रंगांना ९० दिवसही लागतात, त्यामुळे गॅरेजवाल्याला विचारून घ्या. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर कोटिंग करणाऱ्याने सुचवलेलाच स्प्रे वापरावा.

## सामान

- १० ते १२ लिटरच्या दोन बादल्या: एक शांपूची, एक हातमोजा खळबळायची
- कार शांपू, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही)
- मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा. स्पंज नको, त्याच्या सपाट पृष्ठभागावर वाळूचा कण अडकून फिरत राहतो
- सुकवायला एक मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल
- वॅक्ससाठी ३५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) आसपासची, मायक्रोफायबरची, ४० × ४० सेंटिमीटरची चार फडकी: एक पसरवायला, दोन पुसायला, एक राखीव
- चाकं आणि खालच्या भागासाठी वेगळं, जुनं फडकं. ते वर येता कामा नये

फडक्यांचे लेबल आणि टॅग कापून टाका. त्या कडक प्लास्टिकच्या पट्टीने पडलेला ओरखडा वॅक्सच्या नावावर खपतो. जुनी बनियन, टॉवेलचा तुकडा, पिवळं फडकं यातलं काहीही चालणार नाही. नव्या गाडीसोबत मिळालेलं शोभेचं फडकंही नको.

## टप्पा १: वेळ आणि जागा

सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. मार्च ते मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर जातो. त्यावर स्प्रे पडला की त्यातलं पाणी आणि द्रावक पुसायच्या आतच उडून जातं, उरतो तो पट्टा. गाडी चालवून आणली असेल तर निदान ४५ मिनिटं सावलीत उभी करा. बॉनेट इंजिनाने तापलेलं असतं आणि ते सगळ्यांत शेवटी थंड होतं.

तपासणी: तळहाताची मागची बाजू बॉनेटवर पाच सेकंद ठेवा. कोमट लागलं तरी थांबा, थंड लागलं तरच पुढे जा.

झाडाखालची सावली सोयीची वाटते, पण चीक, परागकण आणि पक्षी यांच्यामुळे तिथे केलेलं काम टिकत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर फरशीकडे लक्ष ठेवा. फवारा फरशीवर पडला की ती निसरडी होते, विशेषतः गुळगुळीत टाइल्सवर. काम झाल्यावर तेवढा भाग शांपूच्या पाण्याने धुऊन घ्या.

## टप्पा २: धुणं

ओरखड्यांची जाळी इथेच तयार होते, वॅक्स मारताना ती फक्त चमकून दिसायला लागते.

१. आधी चाकं आणि चाकांच्या वरच्या कमानी धुवा. शेवटी धुतल्या तर तो चिखल धुतलेल्या दारांवर उडतो.

२. मग संपूर्ण गाडीवर नुसतं पाणी सोडा, वरून खाली. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारं, उंबरे. हात लावायचा नाही. मोकळी माती जितकी पाण्याने जाईल तितकी हातमोज्याखाली कमी येईल.

३. शांपू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत चुकीची आहे. जास्तीचा शांपू नीट निघत नाही आणि त्याच्या थरावर वॅक्स बसत नाही.

४. एक पॅनल धुतलं की हातमोजा दुसऱ्या बादलीत खळबळून, पिळून, मगच शांपूच्या बादलीत. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. बंपर आणि दारांचा खालचा एक फूट सगळ्यांत शेवटी.

५. शांपू वाळायच्या आत पाणी मारा. उन्हाळ्यात दोन-दोन पॅनल धुऊन लगेच पाणी मारत जा.

भांडी घासायचं लिक्विड वापरू नका. ते तेलकट थर काढायलाच बनवलेलं असतं, आधीचं वॅक्सही त्याने उतरतं. कपड्यांची पावडर तर अल्कलीमुळे रबरी बीडिंग आणि काळं प्लास्टिकही खराब करते. चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तो तेलकट थर धूळ ओढतो, रबर फुगवतो आणि वॅक्सला चिकटू देत नाही. गाडीवर असं काही लागलेलं असेल तर शांपूने दोनदा धुवा.

### पाणी कुठलं आहे?

आपल्याकडे याच प्रश्नावर निम्मी कामं बिघडतात. बोअर आणि टँकरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षाराची पांढरी कडी उरते. तिच्यावर वॅक्स मारलं तर कडी वॅक्सखाली बंद होते.

पाणी वाचवायचं म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणारे अनेक जण आहेत. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते चाकांना, पायदानाला वापरा, रंगावर शेवटचं पाणी म्हणून मारू नका. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. स्वच्छ बादलीत धरून, फडक्यातून गाळून शेवटच्या खळबळीला वापरलं तर डागांचा प्रश्न बराच कमी होतो. पावसाचं पाणी धरून ठेवलेलं असेल तर तेही चालेल.

सोसायटीत नळी वापरायला मनाई असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी मारून काढावं न लागणारं लिक्विड, बादलीभर पाण्यात घालून काम होतं. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ती पद्धत वापरू नका. आधी मगाने पाणी टाकून चिखल सोडवायलाच हवा.

## टप्पा ३: धुऊनही न निघालेलं काढणं

तपासणी: गाडी ओली असतानाच हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवर हलका फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीक कणही जाणवतात. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर हा टप्पा सोडून द्या. खरखर लागली तर काहीतरी चिकटलेलं आहे.

*पाण्याचे पांढरे डाग:* पांढरा व्हिनेगर आणि क्षार नसलेलं पाणी समप्रमाणात घ्या. फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाणी मारा. थंड पत्र्यावर, सावलीतच. वाळू द्यायचं नाही. तरीही कडी दिसत असेल तर क्षाराने क्लिअर कोट कोरलेला आहे, तो पॉलिशचा विषय झाला. व्हिनेगर आणखी चोळून उपयोग नाही.

*डांबराचे शिंतोडे:* पावसाळ्याआधी रस्त्यांची डागडुजी सुरू झाली की दारांच्या खालच्या भागात काळे ठिपके दिसतात. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपक्यावर ३० सेकंद दाबून ठेवा, मग उचलून घ्या. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका.

*पक्ष्यांची शीट आणि चीक:* कोरडी शीट पुसायची नाही, तिच्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मग उचला. शीट शक्यतो त्याच दिवशी काढा. ती आम्लधर्मी असते आणि वॅक्स तिला जास्तीत जास्त थोडा वेळ थोपवून धरतं.

*सर्वत्र खरखर:* ब्रेकची लोखंडी धूळ, कारखान्यांची काजळी. यासाठी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी. लहान तुकडा तोडून चपटा करा, क्लेचं वंगण किंवा शांपूचं पाणी भरपूर मारा आणि अजिबात जोर न देता सरळ पुढे-मागे फिरवा. खरखर कमी होत गेलेली हाताला कळते. तुकडा मळला की घडी घालून आतला भाग बाहेर घ्या. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, धुऊन परत वापरू नका. क्ले वर्षातून एक-दोनदाच. तो जुनं वॅक्सही काढतो, त्यामुळे क्ले केल्यावर त्याच दिवशी वॅक्स हवंच.

## टप्पा ४: सुकवणं

जाड टॉवेल पॅनलवर पसरवून हलकेच स्वतःकडे ओढा. रगडू नका. आरसे, दाराची हँडल, नंबरप्लेट, दिवे आणि इंधनाच्या झाकणाच्या फटीत पाणी दडून बसतं. दारं, डिकी आणि बॉनेट एकदा उघड-बंद करा, जे पाणी ओघळेल ते पुसा, पुन्हा करा.

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच टाळली जाते. वॅक्स मारून झाल्यावर आरशाखालून एक थेंब ओघळला की ताज्या थरावर उभा पट्टा उठतो, आणि ते दार पुन्हा करावं लागतं.

## टप्पा ५: वॅक्स

१. बाटली १५-२० सेकंद नीट हलवा. मेण आणि पाणी वेगळं झालेलं असतं. न हलवता मारलं तर आधी नुसतं पाणी येतं आणि बाटली संपत आल्यावर घट्ट चिकट द्रव.

२. पहिलं फडकं चार घड्यांत दुमडा आणि त्यावर तीन-चार फवारे मारा. कोरडं फडकं पहिल्या पॅनलचं सगळं वॅक्स पिऊन टाकतं.

३. टपापासून सुरुवात करा. एका वेळी साधारण दोन फूट बाय दोन फूट भाग. बाटली २०-२५ सेंटिमीटर लांब धरून दोन फवारे पुरेत. अख्ख्या बॉनेटला चार. हॅचबॅकला एकूण २५ ते ३० मिलिलिटर लागतं. पाव लिटरची बाटली दोन वेळेत संपत असेल तर तुम्ही चौपट-पाचपट मारताय.

४. फडक्याने आधी आडवं, मग उभं पसरवा. जोर फक्त हाताच्या वजनाएवढा.

५. वाळायची वाट न पाहता दुसऱ्या, कोरड्या फडक्याने लगेच पुसा, फडकं उलटा, पुन्हा पुसा. डबीतलं घट्ट मेण वाळू देतात, म्हणून इथेही वाळू देणारे पुष्कळ आहेत. पट्ट्यांचं सर्वांत मोठं कारण हेच.

६. क्रम: टप, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, फेंडर, बंपर, शेवटी दारांचा खालचा भाग. पुसायचं फडकं ओलसर लागायला लागलं की बदला.

खांब, आरसे, हँडल अशा लहान जागी, आणि काळ्या प्लास्टिकच्या जवळ, फवारा फडक्यावर घ्या. वारा असेल तर सगळीकडेच.

पावसाळ्यात, कोकण-गोव्याच्या दमट हवेत वर्षभरच, द्रावक सावकाश उडतं. पुसून चकचकीत झालेल्या पॅनलवर पाच मिनिटांनी पुन्हा धूसरपणा येतो. फवारे निम्मे करा, आणि गाडीची एक बाजू झाली की कोऱ्या फडक्याने तिच्यावरून शेवटचा हात फिरवा.

धोका: ब्रेक डिस्क, टायरचा रस्त्याला लागणारा भाग, स्टिअरिंग, पेडल आणि दुचाकीची सीट यांना वॅक्सचा फवारा लागता कामा नये. अलॉय व्हीलला लावायचं असेल तर फडक्यावर घेऊन हाताने लावा. पुढच्या काचेवरही नको. वायपर थरथरतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झोत पसरलेला दिसतो. काचेवर गेलंच असेल तर ग्लास क्लीनरने दोनदा पुसा, वायपरची रबरंही पुसून घ्या.

दुसरा थर लगेच देऊ नका, त्याने संरक्षण दुप्पट होत नाही. ताज्या थरावर नवं द्रावक पडून पहिला थर सुटायची शक्यताच जास्त. सुटलेल्या जागा झाकायच्या असतील तर दुसऱ्या दिवशी.

## टप्पा ६: तिरक्या उजेडात पाहणं

समोरून सगळंच छान दिसतं. मोबाइलचा टॉर्च पॅनलच्या जवळ तिरका धरा आणि कडेने पाहा. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर राहिलेलं वॅक्स एरवी दिसतच नाही, त्यावर धूळ बसली की मग दिसतं.

- *ढगाळ पट्टे:* त्याच जागी एक हलका फवारा, लगेच कोऱ्या फडक्याने पुसा. ताजं द्रावक जुनं सोडवतं.
- *चिकटपणा:* फडकं क्षार नसलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पुसा, मग कोरड्याने पुसा. तरी राहिलं तर ते पॅनल शांपूने धुऊन पुन्हा करा.
- *काळ्या प्लास्टिकवर पांढरट डाग:* मऊ टूथब्रश आणि शांपूचं पाणी. त्याच दिवशी काढला तर निघतो, महिन्याभराने जड जातो.
- *तंतू:* फडकं नवं आहे किंवा सुती कपड्यांसोबत धुतलंय.

## मारल्यानंतर, आणि पुन्हा कधी

पहिले काही तास गाडी कोरडी ठेवा. नेमका वेळ लेबलवर असतो. त्यावर लगेच कव्हर घालू नका. धुळकट गाडीवर तर कव्हर कधीच घालू नका. वाऱ्याने ते हलत राहतं आणि खालची धूळ रंगावर घासते.

मेहनतीवर पाणी फिरवणारी खरी गोष्ट वेगळीच आहे: रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसणं. आधीच्या गाडीची वाळू त्याच फडक्यात तुमच्या बॉनेटवर येते. पुसणाऱ्या दादांना आठवड्यातून दोनदाच, आणि तेही भरपूर पाणी टाकून धुवायला सांगा. रोजच्याऐवजी दोनदा म्हटल्यावर पैसे कमी करू नका, नाहीतर पुन्हा फडकंच येईल. रोज फक्त काचा पुसल्या तरी चालतं.

उघड्यावर उभ्या गाडीला चार ते सहा आठवड्यांनी, छपराखालच्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी वॅक्स पुरतं. तारखेपेक्षा पाण्याची तपासणी भरवशाची: शांपूने धुतल्यावर पाणी थेंब धरून ओघळतं की सपाट पसरून राहतं? पसरत असेल तर वेळ झाली. धुळीने माखलेल्या गाडीवर ही तपासणी करू नका, धुळीखाली वॅक्स शाबूत असूनही पाणी पसरतं.

वर्षाचं गणित मांडायचं तर मेच्या अखेरीस एकदा, पावसाळ्यात एखाद्या उघडिपीला एकदा, आणि धुळवडीच्या दोन दिवस आधी एकदा हे सोडू नये. दसऱ्याला पूजेआधी वॅक्स मारलं तर हळद-कुंकू आणि झेंडूचा रंग क्लिअर कोटपर्यंत कमी पोहोचतो. पण म्हणून स्वस्तिक आठवडाभर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पाणी सोडून, मग शांपूने धुवा. कोरडंच पुसलं तर पांढऱ्या गाडीवर पिवळा फराटा पसरतो.

फडकी वापरून झाल्यावर वेगळी धुवा: कोमट पाणी, थोडं लिक्विड डिटर्जंट, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. सावलीत वाळवा, इस्त्री नको. वॅक्सची बाटली मे महिन्यात डिकीत ठेवू नका. उष्णतेने द्रव फाटला, हलवूनही गाठी राहिल्या, तर ती बाटली रंगावर वापरायची नाही.